डांबरी मिश्रणात फिलरच्या कणांचा आकार: पोकळी मोजण्यापासून रोलिंगपर्यंत

डांबरी रस्त्याच्या मिश्रणात वजनाने अवघा चार-पाच टक्के असणारा फिलर (कणांमधल्या फटी भरणारी बारीक भुकटी) हा सर्वांत कमी तपासला जाणारा घटक आहे. केंद्रीय रस्ते परिवहन व महामार्ग मंत्रालयाच्या तपशिलात, म्हणजे आपण ज्याला बोलताना 'मॉर्थ' म्हणतो त्याच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, फिलरसाठी तीन चाळण्यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत: ६०० मायक्रॉनमधून १०० टक्के, ३०० मायक्रॉनमधून ९५ ते १०० टक्के आणि ७५ मायक्रॉनमधून ८५ ते १०० टक्के. त्याशिवाय प्लॅस्टिसिटी इंडेक्स (भुकटीतील मातीचा चिकणपणा दाखवणारा आकडा) चारपेक्षा जास्त नसावा, ही अट आहे. सिमेंट आणि चुना यांना तीही लागू नाही. या अटी पुरवठ्याची किमान शिस्त राखतात, पण कणाच्या आकाराबद्दल त्या काहीही सांगत नाहीत. त्यामुळे बेसॉल्टची भुकटी, विरवलेला चुना आणि औष्णिक वीजकेंद्राची राख हे तिन्ही पदार्थ एकाच चाळणीतून उत्तीर्ण होतात आणि मिश्रणात मात्र तीन वेगळ्या तऱ्हांनी वागतात.

हा लेख हॉट मिक्स प्लांटच्या प्रयोगशाळेत काम करणारे तंत्रज्ञ, कंत्राटदाराचे गुणवत्ता अभियंते आणि सार्वजनिक बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंते यांच्यासाठी आहे. कणाचा आकार मिश्रणावर मुख्यतः एकाच वाटेने परिणाम करतो: तो आकार दाबून बसवलेल्या कणांच्या मध्ये किती पोकळी सोडतो, आणि त्या पोकळीत किती डांबर अडकून पडते. पुढील सगळे टप्पे ही पोकळी मोजण्यासाठी आणि तिचा हिशेब आराखड्यात धरण्यासाठी आहेत.

पहिला टप्पा: पदार्थ मिश्रणात घनरूप राहणार आहे का, हे ठरवणे

आकाराचा विचार करण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा लागतो, कारण सर्व पूरक पदार्थांना आकाराचा नियम लागू होत नाही. टाकाऊ प्लॅस्टिकचे तुकडे कोरड्या पद्धतीने तापलेल्या खडीवर टाकले की ते वितळून खडीवर थर धरतात. अशा वेळी तुकड्याचे माप सारखे पसरण्यापुरते महत्त्वाचे असते. तो तुकडा चौकोनी होता की लांबट, याची आठवण मिश्रणात उरत नाही. एसबीएससारखा पॉलिमर डांबरात विरघळून किंवा फुगून जाळे तयार करतो, तेव्हा तोही येथे बाजूला ठेवावा.

टायरच्या रबराची भुकटी मधल्या स्थितीत असते. ती विरघळत नाही, परंतु डांबरातील हलके घटक शोषून फुगते. साध्या तापमानाला दळलेल्या रबराचे कण खडबडीत आणि फाटल्यासारखे असतात, तर द्रव नायट्रोजनने गोठवून फोडलेल्या रबराचे कण गुळगुळीत, काचेच्या तुकड्यासारख्या पैलूंचे असतात. पहिल्या प्रकाराचा पृष्ठभाग जास्त असल्याने तो डांबराशी लवकर प्रक्रिया करतो आणि डांबर अधिक घट्ट करतो. म्हणून रबराच्या बाबतीत पुरवठादाराला फक्त मेश नंबर (चाळणीची बारीकी) न विचारता दळण्याची पद्धतही विचारावी.

दगडाची भुकटी, सिमेंट, चुना, राख, पोलादाच्या मळीची भुकटी आणि सेल्युलोजचे तंतू हे मात्र शेवटपर्यंत घनरूप राहतात. आकाराची खरी कामगिरी येथे दिसते. तंतूंचा विषय येथेच संपवतो: एसएमए (स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट, म्हणजे मोठ्या खडीच्या सांगाड्याचे डांबरी मिश्रण) या मिश्रणात वजनाने सुमारे ०.३ टक्के तंतू पुरतात, कारण लांबी जाडीच्या अनेक पट असलेला कण फार थोड्या घनफळात फार मोठी जागा अडवतो आणि डांबर खाली झिरपू देत नाही. हेच काम गोल कणांकडून करून घ्यायचे तर कित्येक पट पदार्थ लागेल.

दुसरा टप्पा: कण डोळ्यांनी पाहणे

आकार हा शब्द आपण सैलपणे वापरतो. तपासणीत त्याचे तीन स्तर वेगळे ठेवावेत. पहिला स्तर एकूण घडणीचा, म्हणजे कण सर्व बाजूंनी सारखा आहे, चपटा आहे की लांबट आहे. दुसरा कडा-कोपऱ्यांचा, म्हणजे कोपरे धारदार आहेत की झिजलेले. तिसरा पृष्ठभागाच्या पोताचा, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत आहे, खडबडीत आहे की छिद्रयुक्त आहे. हे तीन गुण एकमेकांवर अवलंबून नसतात. कण सर्व बाजूंनी सारखा असूनही धारदार असू शकतो, आणि गोल असूनही छिद्रयुक्त असू शकतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रत्येक प्लांटवर असणे शक्य नाही, पण अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरेसे काही दाखवतो. चिमूटभर सुकवलेला फिलर काचपट्टीवर अल्कोहोलच्या थेंबात पसरावा. पाण्यात पसरल्यास चुना आणि सिमेंट पाण्याशी प्रक्रिया करतात. शंभर ते चारशे पट मोठे करून, वेगवेगळ्या जागांवरचे मिळून शंभरेक कण गोल, कोनदार, चपटे आणि गुठळ्या अशा चार गटांत मोजावेत. ही मोजणी ढोबळ असते आणि तिच्यावरून आराखडा ठरवू नये. पण पुरवठा बदलला आहे का, हे ती दहा मिनिटांत सांगते.

महाराष्ट्रात सहसा आढळणाऱ्या पदार्थांचे चित्र साधारण असे असते. दख्खनच्या पठारावरील ताज्या, घट्ट बेसॉल्टची क्रशर डस्ट कोनदार कणांची असते. तोच बेसॉल्ट कुजलेला किंवा बदललेला असेल, तर भुकटीत मातीच्या खनिजांचे पत्र्यासारखे पातळ कण मिसळलेले असतात. ते पाणी धरतात, फुगतात आणि डांबराचा थर सोडवतात. असा संशय आला की प्लॅस्टिसिटी इंडेक्सवर थांबू नये, फुगणाऱ्या मातीचे प्रमाण दाखवणारी मिथिलीन ब्लू चाचणी करावी. कोराडी, चंद्रपूर किंवा परळीसारख्या वीजकेंद्रांतील फ्लाय ॲशमध्ये काचेचे गोल कण प्रामुख्याने असतात, कारण वितळलेला थेंब हवेतच थंड होतो. मात्र अर्धवट जळलेल्या कोळशाचे छिद्रयुक्त, वेडेवाकडे कणही तिच्यात असतात आणि ते डांबर शोषतात. राखेचे ज्वलनाने होणारे वजनघट जास्त असेल, तर 'राख गोल असते' हे पुस्तकी वाक्य त्या खेपेला लावू नये. साखर कारखान्यातील उसाच्या चिपाडाच्या राखेचे कण तर नळीसारखे आणि छिद्रयुक्त असतात. फ्लाय ॲश चालली म्हणून बगॅस ॲशही चालेल, हा तर्क येथे साफ फसतो. विरवलेल्या चुन्याचे कण अतिशय बारीक, पातळ पापुद्र्यांचे आणि एकमेकांना चिकटून सच्छिद्र पुंजके करणारे असतात.

तिसरा टप्पा: घनता काढणे

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण येथील चूक पुढच्या सगळ्या आकड्यांत शिरते. सिमेंटसाठी वापरतो तोच ल शातेलिए फ्लास्क आणि केरोसीन वापरून फिलरची घनता काढावी. नमुना १०५ ते ११० अंश सेल्सिअसला सुकवून डेसिकेटरमध्ये थंड करावा, आणि फ्लास्कमध्ये टाकल्यावर हवेचे बुडबुडे निघेपर्यंत तो हलक्या हाताने फिरवत राहावा. बेसॉल्टच्या भुकटीची घनता साधारण २.८, चुन्याची २.२ आणि फ्लाय ॲशची बहुधा २.० ते २.३ च्या आसपास येते. घनतेतला हा फरक आकारापेक्षाही मोठा खेळ करतो, हे पाचव्या टप्प्यात दिसेल.

चौथा टप्पा: दाबलेल्या फिलरमधील पोकळी मोजणे

या चाचणीला रिग्डेन पोकळी म्हणतात. ब्रिटनमध्ये १९४७ च्या सुमारास पी. जे. रिग्डेन यांनी ही कल्पना मांडली आणि आज युरोपात ती ईएन १०९७-४ या मानकात आहे. कल्पना साधी आहे. सुकवलेला सुमारे १० ग्रॅम फिलर लहान दंडगोल साच्यात घालावा, वर गाळणीचा कागद ठेवून दट्ट्या बसवावा आणि ठरावीक उंचीवरून शंभर वेळा आपटून फिलर दाबावा. त्यानंतर थराची जाडी सूक्ष्म मापकाने मोजावी. वजन आणि घनता यांवरून घन भागाचे घनफळ निघते, जाडी आणि साच्याचा व्यास यांवरून एकूण घनफळ निघते, आणि दोहोंतील फरक ही पोकळी.

उदाहरणाने पाहू. साच्याचा व्यास २५ मिमी, म्हणून क्षेत्रफळ ४.९१ चौरस सेमी. बेसॉल्टच्या १० ग्रॅम भुकटीचा थर ११.८ मिमी जाड बसला असे समजा. एकूण घनफळ ५.७९ घनसेमी, घनता २.८० धरल्यास घन भाग ३.५७ घनसेमी, पोकळी २.२२ घनसेमी, म्हणजे ३८ टक्के. जाडीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी पोकळी अडीच टक्क्यांच्या आसपास सरकते, म्हणून किमान तीन नमुन्यांची सरासरी घ्यावी.

नेहमीच्या दगडी फिलरमध्ये ही पोकळी बहुधा २८ ते ४५ टक्क्यांच्या पट्ट्यात येते. विरवलेल्या चुन्यात ती ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जाते, कारण पुंजक्यांच्या आतली पोकळीही मोजली जाते. पोकळी फक्त आकारावर ठरत नाही, बारीक-मोठ्या कणांच्या मिश्रणावरही ठरते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो बरोबर आहे. पण मिश्रणातील डांबराला तरी या दोन कारणांत भेद कुठे कळतो? आपल्याला हवा आहे तो दोन्हींचा मिळून परिणाम, आणि तो हा एक आकडा देतो. केवळ आकाराचा वाटा वेगळा काढायचा असेल, तर दोन फिलर एकाच मापाच्या पट्ट्यात, उदाहरणार्थ ७५ ते ४५ मायक्रॉन, चाळून घ्यावेत आणि मग त्यांची पोकळी ताडून पाहावी.

पाचवा टप्पा: अडकलेले आणि मोकळे डांबर यांचा हिशेब

फिलरच्या कणांमधील पोकळी डांबराने भरते. हे डांबर कण हलवण्याच्या कामी येत नाही, ते जागीच अडकते. त्याच्यावर उरलेले मोकळे डांबर खडीभोवती थर देते, मिश्रणाला रोलरखाली सरकू देते आणि रस्त्याला थोडी लवचीकता देते. म्हणून फिलर बदलताना मोकळे डांबर किती उरले, हे आधी कागदावर काढावे.

१३.२ मिमीच्या बिटुमिनस काँक्रीटचे (रस्त्याच्या सर्वांत वरच्या डांबरी थराचे) १०० ग्रॅम मिश्रण घ्या. डांबर ५.४ ग्रॅम, घनता १.०२, म्हणजे ५.२९ घनसेमी. त्यातील ०.४ ग्रॅम खडीने शोषले असे समजल्यास परिणामकारक डांबर ४.९० घनसेमी उरते. फिलर ५ ग्रॅम आहे.

सगळा फिलर बेसॉल्टचा असेल तर त्याचा घन भाग १.७९ घनसेमी, आणि ३८ टक्के पोकळीमुळे अडकलेले डांबर १.०९ घनसेमी. मोकळे डांबर ३.८१ घनसेमी, म्हणजे परिणामकारक डांबराच्या सुमारे ७८ टक्के.

आता या ५ ग्रॅमपैकी २ ग्रॅमच्या जागी चुना टाका. पाणी लागून डांबर सुटण्याचा धोका असेल तेव्हा मॉर्थ एकूण खडीच्या वजनाच्या २ टक्के चुना सांगते, त्याच्या जवळपास हे प्रमाण आहे. उरलेल्या ३ ग्रॅम बेसॉल्टमध्ये ०.६६ घनसेमी डांबर अडकते. चुन्याचा घन भाग ०.९१ घनसेमी, पण ६५ टक्के पोकळी धरल्यास त्यात १.६९ घनसेमी डांबर अडकते. मोकळे डांबर २.५६ घनसेमीवर, म्हणजे ५२ टक्क्यांवर येते. वजनाचे प्रमाण तेच, फिलर आणि डांबर यांचे गुणोत्तरही तेच, तरी मोकळ्या डांबराचा एक तृतीयांश भाग गेला. 'चुना घातला की माल कडक होतो, पेव्हरमागे ओढ येते' (पेव्हर म्हणजे माल पसरणारे यंत्र) ही साइटवरची तक्रार याच आकड्यात आहे.

हा हिशेब थोडा कठोर आहे, हेही लक्षात ठेवावे. चुन्याचे बारीक कण बेसॉल्टच्या कणांमधल्या पोकळीत शिरतात, त्यामुळे एकत्र मिश्रणाची पोकळी दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असते. म्हणून दोन फिलर वापरायचे असतील तर त्यांची ठरलेल्या प्रमाणात सरमिसळ करून त्या मिश्रणाचीच रिग्डेन पोकळी मोजावी; वरची बेरीज ही वरची मर्यादा समजावी.

फ्लाय ॲशचे उदाहरण अधिक बोलके आहे. गोल कणांमुळे पोकळी ३५ टक्के आली आणि घनता २.१ आहे असे धरा. वजनाला वजन म्हणून ५ ग्रॅम राख घातली, तर घन भाग २.३८ घनसेमी आणि अडकलेले डांबर १.२८ घनसेमी होते, म्हणजे कोनदार बेसॉल्टपेक्षा जास्त. गोल आकाराचा फायदा हलक्या घनतेने खाऊन टाकला. तीच राख बेसॉल्टइतक्या घनफळाने, म्हणजे ३.७५ ग्रॅम घातली, तर अडकलेले डांबर ०.९६ घनसेमीवर उतरते आणि आकाराचा फायदा दिसू लागतो. फिलरची अदलाबदल वजनाने नव्हे, घनफळाने करावी, हा या लेखातील सर्वांत उपयोगी नियम आहे असे माझे मत आहे, आणि तो पाळला जात नाही याचे कारण एवढेच की निविदेचे, प्लांटच्या काट्याचे आणि बिलाचे सगळे आकडे वजनात असतात.

मिश्रणाचा आराखडा करण्याच्या अमेरिकेतील सुपरपेव्ह पद्धतीत ७५ मायक्रॉनखालची भुकटी आणि परिणामकारक डांबर यांचे वजनी गुणोत्तर साधारणपणे ०.६ ते १.२ ठेवतात. ती मर्यादा पाळावीच, पण तिच्यात आकार आणि घनता दोन्ही धरलेले नाहीत, हे विसरू नये. एसएमएच्या बाबतीत अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत सुधारित रिग्डेन पोकळी ५० टक्क्यांच्या वर असलेला फिलर टाळावा असे म्हटलेले आढळते. ही मर्यादा दाट प्रतीच्या मिश्रणालाही सावधगिरीची खूण म्हणून वापरता येते.

सहावा टप्पा: मॅस्टिक तपासणे

डांबर आणि फिलर यांचे जे दाट मिश्रण खडीला प्रत्यक्ष चिकटते त्याला येथे मॅस्टिक म्हटले आहे. पुलांवर घालतात त्या मॅस्टिक अस्फाल्टशी त्याची गल्लत करू नये. पातळ द्रवात गोल कण मिसळले तर चिकटपणा कणांच्या घनफळाच्या प्रमाणाच्या अडीच पटीने वाढतो, हे आइन्स्टाइन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडलेल्या सिद्धांतातून निघते. कण गोल नसतील तर हा गुणक वाढतो, आणि कणांची गर्दी झाली की वाढ झपाट्याने होते. आपल्या मॅस्टिकमध्ये घन भाग घनफळाच्या चौथ्या हिश्श्याइतका असल्यामुळे आइन्स्टाइन यांचे साधे सूत्र तेथे पुरत नाही. मोजणे हाच मार्ग आहे.

त्यासाठी रिंग अँड बॉल ही प्रत्येक प्रयोगशाळेत असलेली चाचणी पुरते. युरोपीय पद्धतीत ३७.५ भाग फिलर आणि ६२.५ भाग डांबर, दोन्ही घनफळाने, मिसळतात आणि मूळ डांबराच्या तुलनेत सॉफ्टनिंग पॉइंट (मऊ पडण्याचे तापमान) किती अंशांनी वाढला ते पाहतात. १०० घनसेमीसाठी बेसॉल्टची भुकटी १०५ ग्रॅम आणि डांबर ६३.७५ ग्रॅम लागेल. राख असेल तर ७८.७५ ग्रॅम. डांबर व फिलर दोन्ही सुमारे १५० ते १६० अंशांना तापवून, फिलर थोडा थोडा टाकत गुठळी राहू न देता ढवळावे. युरोपातील वर्गवारीत ८ ते १६ आणि ८ ते २५ अंश असे वाढीचे पट्टे आहेत. वाढ आठ अंशांपेक्षा कमी असेल तर फिलर डांबराला फारसे बळ देत नाही. पंचविसाच्या वर गेली तर मिश्रण ठिसूळ आणि पसरायला अवघड होण्याची शक्यता धरावी.

शुद्ध चुना या प्रमाणात तपासायला जाऊ नये. त्याची पोकळी ६५ टक्के असेल तर घन भाग जास्तीत जास्त ३५ टक्केच मावतो, ३७.५ टक्के चुना घातला की पोकळी भरायलाच डांबर पुरत नाही आणि भांड्यात कोरडा भुगा उरतो. चुना नेहमी ज्या दगडी फिलरबरोबर वापरायचा त्याच्या मिश्रणातच तपासावा.

चुन्याचे सगळे श्रेय आकाराला देणेही चूक ठरेल. तो डांबरातील आम्लधर्मी घटकांशी आणि दगडाच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया करतो, म्हणूनच पाण्याविरुद्ध तो टिकतो. तितकीच पोकळी असलेली दुसरी एखादी भुकटी डांबर कडक करील, पण ओल्या रस्त्यावर चुन्याचे काम करणार नाही.

सातवा टप्पा: खडी आणि क्रश सँडचा आकार नजरेआड न करणे

फिलरवर इतके श्रम करून खडी चपटी आली, तर सगळे फुकट जाते. आयएस २३८६ च्या पहिल्या भागानुसार सरासरी मापाच्या ०.६ पटीपेक्षा पातळ तो चपटा कण आणि १.८ पटीपेक्षा लांब तो लांबट कण. चाचणी ६.३ मिमीपेक्षा मोठ्या खडीवर, प्रत्येक मापाचे किमान २०० दगड घेऊन करावी. मॉर्थच्या पद्धतीत आधी चपटे दगड वेगळे करून त्यांचे एकूण वजनाशी प्रमाण काढतात, मग उरलेल्या दगडांतून लांबट वेगळे करून त्यांचे प्रमाण त्या उरलेल्या वजनाशी काढतात, आणि दोन्हींची बेरीज बिटुमिनस काँक्रीटसाठी ३५ टक्क्यांच्या आत असावी लागते. दोन्ही वेळा एकूण वजनानेच भागण्याची चूक सर्रास होते आणि तिने आकडा खोटा कमी येतो. बेरीज मर्यादेबाहेर जात असेल तर उपाय क्रशरवर आहे: जॉ आणि कोनवर थांबू नये, शेवटी व्हीएसआय (दगड वेगाने आपटून फोडणारा उभ्या अक्षाचा क्रशर) घ्यावा, आणि कोन क्रशर भरलेला ठेवून चालवावा.

बारीक मालासाठी सुपरपेव्हमधील मोकळ्या पोकळीची चाचणी स्वस्त आहे. ठरलेल्या मापांचा १९० ग्रॅम नमुना नरसाळ्यातून ११५ मिमी उंचीवरून १०० मिलीच्या भांड्यात पाडतात, वरचा माल एका झटक्यात सपाट कापतात आणि वजनावरून पोकळी काढतात. जड वाहतुकीच्या वरच्या थराला किमान ४५ टक्के मागतात. घासून गोल झालेली नदीची वाळू बहुधा या अटीत बसत नाही. येथे एक विरोधाभास आहे आणि तो पचवावा लागतो: वाळूत जास्त पोकळी हवी असते, कारण कोनदार कण एकमेकांत अडकून चाकाखाली सरकत नाहीत, फिलरमध्ये मात्र जास्त पोकळी डांबर खाते. कणाच्या मापाबरोबर आकाराचे काम बदलते.

आठवा टप्पा: मार्शल आराखडा

मार्शल पद्धतीत ठोकून दाबलेला नमुना किती भार सोसतो (स्थैर्य) आणि तोवर किती दबतो (प्रवाह) हे मोजतात. खडीची प्रतवारी तीच ठेवून, फिलरचे तीन पर्याय घनफळाने समान घ्यावेत: फक्त दगडी भुकटी, भुकटी आणि चुना, आणि उपलब्ध असल्यास राख. प्रत्येक पर्यायाला डांबराची पाच प्रमाणे, दर प्रमाणाला तीन नमुने, दोन्ही बाजूंनी ७५ ठोके. मॉर्थच्या अटी व्हीजी (चिकटपणावरून प्रत ठरवलेल्या) डांबरासाठी परिचित आहेत: ६० अंशांना स्थैर्य किमान ९ किलोन्यूटन, प्रवाह २ ते ४ मिमी, हवेची पोकळी ३ ते ५ टक्के, डांबराने भरलेली पोकळी ६५ ते ७५ टक्के.

निकाल वाचताना स्थैर्याच्या आकड्यावर भाळू नये. पोकळीयुक्त फिलर स्थैर्य वाढवतोच. प्रश्न असा आहे की किती मोकळे डांबर गमावून. व्हीएमए (दाबलेल्या मिश्रणात खडीच्या कणांमधील एकूण पोकळी) आधी पाहावा. गोल कणांच्या फिलरने माल सहज दबतो आणि व्हीएमए घसरतो, १३.२ मिमीच्या मिश्रणात चार टक्के हवेला तो १४ च्या खाली गेला, तर थोड्याशा जास्त डांबरानेही रस्ता उन्हाळ्यात डांबर वर टाकील. चुन्याच्या मिश्रणात उलट घडते: हवेची पोकळी वाढते, आणि ती खाली आणण्यासाठी डांबर ०.१ ते ०.३ टक्के वाढवण्याचा मोह होतो. पाचव्या टप्प्यातील मोकळ्या डांबराचा आकडा हाताशी असेल, तर ही वाढ योग्य आहे की चुन्याचे प्रमाण कमी करणे योग्य, हे ठरवता येते.

शक्य असेल तेथे व्हील ट्रॅकिंग (चाक फिरवून चाकोरी मोजणे) आणि ओल्या-कोरड्या ताणशक्तीच्या गुणोत्तराची चाचणी करावी. दुसरीत किमान ८० टक्के लागतात. कोणत्या चाचणीला जास्त वजन द्यायचे, हे रस्ता कुठे आहे त्यावर ठरवावे. विदर्भातील उन्हाळ्यात, जड ट्रकांच्या मार्गावर चाकोरी पडणे हा मुख्य शत्रू आहे आणि तेथे थोडे कडक मॅस्टिक परवडते. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत पाणी हा शत्रू आहे. तेथे चुना वापरावा, पण मोकळे डांबर राखून, कारण कोरडे, भेगाळणारे मिश्रण पाण्याला वाट करून देते.

नववा टप्पा: प्लांटवर प्रमाण टिकवणे

प्रयोगशाळेतला फिलर आणि प्लांटमधला फिलर एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. बॅच प्लांटच्या बॅग फिल्टरमध्ये जमा होणारी भुकटी परत मिश्रणात जाते. तिची बारीकी आणि आकार विकत घेतलेल्या फिलरपेक्षा वेगळा असतो, आणि क्रशरची डस्ट बदलली की तीही बदलते. या परतीच्या भुकटीची घनता आणि रिग्डेन पोकळी वेगळी मोजावी, कारण ७५ मायक्रॉनखालचा बराच माल तीच पुरवते. ड्रम मिक्स प्लांटवर चुना उघड्या पट्ट्यावरून टाकल्यास त्यातला मोठा वाटा धुराड्यातून किंवा वेट स्क्रबरमध्ये जातो. तो बंद स्क्रूने, ज्वालेपासून दूर, डांबराच्या फवाऱ्याजवळ सोडावा.

बारीक आणि पापुद्र्यासारख्या कणांचा पदार्थ सायलोमध्ये कमान धरतो आणि मग एकदम कोसळतो. परिणामी एका बॅचला फिलर नाही आणि पुढच्या बॅचला दुप्पट, असे घडते. व्हायब्रेटर किंवा हवेचे झोत बसवावेत आणि दिवसाच्या सुरुवातीला दहा बॅचचे फिलरचे वजन तपासावे. पावसाळ्यात साठवलेल्या फिलरच्या गुठळ्या होतात. गुठळी ही मोठ्या मापाचा कण म्हणून वागते आणि आतून कोरडीच राहते, म्हणून ओला माल चाळून वापरण्यापेक्षा परत पाठवणे बरे.

मिश्रणाचे तापमान व्हीजी-३० साठी १५० ते १६५ अंश आणि पसरताना किमान १४० अंश असावे. जास्त पोकळीच्या फिलरने माल कडक झाला म्हणून तापमान चढवण्याकडे कल असतो. तसे करू नये. डांबर जळून आणखी कडक होते. त्याऐवजी वाहतुकीत ताडपत्री झाकणे, पेव्हरमागे रोलर जवळ ठेवणे आणि पहिल्या फेऱ्या लवकर घेणे हे उपाय करावेत.

दहावा टप्पा: रोलरमागची लक्षणे वाचणे

माल रोलरपुढे लाटेसारखा ढकलला जात असेल आणि केसासारख्या आडव्या भेगा पडत असतील, तर बहुधा बारीक मालात गोल वाळू आली आहे किंवा राख वजनाने जास्त पडली आहे. मोकळी पोकळी चाचणी आणि फिलरचा काटा तपासावा. पृष्ठभाग फाटल्यासारखा, करडा आणि रोलरच्या फेऱ्या वाढवूनही घनता न गाठणारा असेल, तर मोकळे डांबर कमी आहे. फिलरची खेप, तिची घनता आणि पोकळी लगेच मोजावी. खडी रोलरखाली फुटून पांढरे डाग दिसत असतील, तर फिलरकडे पाहूच नये, चपट्या दगडांची चाचणी करावी. ठिकठिकाणी काळे चकचकीत गोळे दिसणे हे न फुटलेल्या गुठळीचे किंवा एसएमएमध्ये एकत्र राहिलेल्या तंतूंचे लक्षण आहे, आणि त्याचा उपाय कोरड्या मिश्रणाचा कालावधी वाढवणे हा आहे.

प्रत्येक खेपेच्या नोंदवहीत पुरवठादार, क्रशरची खाण, घनता, रिग्डेन पोकळी आणि सूक्ष्मदर्शकातील ढोबळ मोजणी एका ओळीत लिहावी. पोकळी आराखड्यातील आकड्यापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक सरकली, तर पाचव्या टप्प्याचा हिशेब पुन्हा करावा आणि मोकळ्या डांबराचा वाटा लक्षणीय बदलला असेल, तर नव्याने मार्शल घेतल्याशिवाय तो फिलर सायलोत चढवू नये.